शेवटी त्याचं बाकडं होतं

"आन बाळ घरी आलंच न्हाय, तर ह्याचं काय व्हतंय?" रोहिणीनं विचारलं. साडीला फॉल लावून मिळेल का, हे विचारताना तिचा जो आवाज असतो, त्याच आवाजात. बारामतीत एसटी स्टँडच्या अलीकडं एका फर्निचरच्या दुकानात आम्ही नुसते सावलीला शिरलो होतो. आठवा महिना व्यवस्थित चालू आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगून अर्धा तास झाला होता, आणि वालचंदनगरच्या गाडीला अजून पाऊण तास होता. दुकानाचे मालक कुंडलिकशेठ एक निळ्या नळ्यांचा सांगाडा आमच्यापुढं उलटापालटा करून दाखवत होते. पहिल्यांदा तो पाळणा होता. वरची दांडी काढल्यावर तो कठड्याची खाट झाला. कठडा आडवा पाडल्यावर बुटकी खुर्ची आणि तिच्यापुढं टेबल झालं. टेबलाच्या सनमायकावर पिवळी बदकं. पाय लांब केल्यावर अभ्यासाचं टेबल झालं, त्यावर मात्र बदकं तशीच राहिली, म्हणजे दहावीच्या अभ्यासालाही बदकंच सोबतीला. "बाळ वाढतंय तसं फर्निचर वाढतंय," असं शेठ म्हणत होते आणि त्यांच्या दातांत एक बोल्ट धरलेला होता. रोहिणीचा प्रश्न आल्यावर त्यांनी तो बोल्ट काढून तळहातावर ठेवला, त्याच्याकडं बघत थोडा विचार केला, आणि म्हणाले, "बाकडं करायचं, वहिनी. शेवटी ह्याचं बाकडं व्हतंय. दोन मानसं आरामात बसत्यात." मग त्यांनी दोन खटके ओढून खरंच बाकडं करून दाखवलं. रोहिणी त्यावर बसली. शेजारी जागा होती म्हणून मीही बसलो. समोर आरशाचं कपाट होतं. त्यात एक गरोदर बाई आणि हातात सोनोग्राफीचा कागद धरलेला एक माणूस, गाडी लागली का बघतोय अशा चेहऱ्यानं बसले होते.

या प्रश्नाला वर्षभरात उत्तर देणारा तो पहिला माणूस, हे मला परतीच्या गाडीत, काटेवाडी मागं टाकून दोन्ही बाजूंनी ऊस लागल्यावर उमगलं, आणि मी जरा घाबरलो. रोहिणीचा हा प्रश्न शब्द बदलून सगळ्यांना विचारून झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रिपोर्ट नॉर्मल आहेत. माझी आई म्हणाली होती, असलं वंगाळ बोलू न्हाय. तिची आई फोनवर रडली होती, आणि फोन शेजाऱ्यांचा असल्यामुळं शेजारीणही रडली होती. मला विचारलं तेव्हा मी विनोद केला. दादासो विनोदी आहे अशी माझी आमच्या कॉलनीत ख्याती आहे, आणि अशी ख्याती एकदा झाली की माणसाला दुसरं काही करता येत नाही. तोंड उघडलं की समोरचा आधीच हसायच्या तयारीत असतो. लग्नात मी सासऱ्यांच्या पाया पडलो तेव्हाही दोघंजण हसले होते. रोहिणी मात्र त्या दिवशी हसली नव्हती. तिनं माझा विनोद पुरता ऐकून घेतला, मान हलवली, आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारायला गेली. असं करत करत ती कुंडलिकशेठपर्यंत पोचली, आणि त्यांनी काय होतं ते सांगितलं. बाकडं होतं. माणूस त्यावर बसू शकतो.

आमच्यात मूल जन्माला येण्याआधी त्याचं काही आणत नाहीत. टोपडं नाही, दुपटं नाही, पाळण्याचं तर नावच नको. आलेल्याला आधी कुणाच्या तरी जुन्या धुतलेल्या लुगड्यात गुंडाळायचं, म्हणजे त्याला वाटतं आपण कुठंतरी आधीच राहत होतो. पाळणा बारशाला. रिकामा पाळणा घरात असू नये, असलाच तर हलू नये. गेल्या वर्षी हे सगळं आम्ही पाळलं. मी तर जरा जास्तच पाळलं. बारामतीच्या बाजारात झबल्यांच्या दुकानावरून जाताना मी मान दुसरीकडं वळवायचो, आणि त्या नादात एकदा एका म्हशीवर आदळलो होतो. पहिलं बाळंतपण म्हणून रोहिणी माहेरी, अंथुर्ण्याला होती. निरोप आल्यावर मी सायकल काढली आणि जंक्शन गावच्या फाट्यापर्यंत इतक्या जोरात हाणली की चेन पडली. चेन बसवून हात काळे करून पोचलो, तेव्हा सगळं झालेलं होतं. मुलगी होती. होती, एवढंच तिच्याबद्दल सांगता येतं. हात काळे म्हणून मला तिला घेऊ दिलं नाही, की दुसऱ्या कशासाठी, ते मी नंतर कधी विचारलं नाही. मग माणसं येऊ लागली, आणि प्रत्येकजण निघताना तेच म्हणायचा: बरं झालं, आधी काय आनलं नव्हतं. जणू एका मोठ्या खर्चातून, एका मोठ्या पसाऱ्यातून आम्ही थोडक्यात वाचलो होतो. मला काही काम नव्हतं. मी सासऱ्यांच्या न्हाणीघराच्या दाराची बिजागरी सरळ केली. मग माजघराच्या दाराची केली, ती वाकडी नव्हती. तिसऱ्या दिवशी रोहिणीजवळ जाऊन बसलो तर ती उशीचा अभ्रा काढून त्याची घडी घालत होती. घडी घालायची, मोडायची, परत घालायची. मी म्हणालो, पड जरा. ती म्हणाली, "आवरायला काहीच न्हाय वो." एवढंच म्हणाली. मला त्याचा अर्थ लगेच कळला आणि तो कळला नाही असं मी दाखवलं. घरातून माणूस गेलं की त्याचे कपडे असतात, चप्पल असते, काठी असते. ती उचलायची, कुणाला द्यायची, एखादी लपवून ठेवायची. आमच्याकडं नऊ महिने जिची वाट बघितली तिचा एक मोजासुद्धा नव्हता. ती आली होती याला पुरावा म्हणून सरळ झालेल्या दोन बिजागऱ्या होत्या.

गाडी लासुर्ण्याला थांबली तेव्हा रोहिणी खिडकीकडं बघत म्हणाली, "बाकडं बरं व्हतं पन."

"पाच कामं करणारी वस्तू एकही काम धड करत नाही," मी म्हणालो. हे मी ड्राफ्ट्समन म्हणून म्हणालो. "जोड जितके जास्त, तितका खेळ जास्त. शिवाय पोराचं बोट अडकेल त्या खटक्यात."

"कुठल्या पोराचं?" ती म्हणाली, आणि माझ्याकडं वळून बघितलं. तिला उत्तर हवं होतं. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे कुंडलिकशेठपुढं होतं. मी म्हणालो, "लासुर्ण्यात भेळ चांगली मिळते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्या वस्तूचं ड्रॉइंग केलं. आमच्या ऑफिसात साखर कारखान्यांच्या यंत्रांची ड्रॉइंगं होतात. उसाच्या गाडीएवढे दातेरी रूळ मी ट्रेसिंग पेपरवर तळहाताएवढे करतो, आणि त्यात मला कधी शंका येत नाही. हेही मी आठवून बरोबर काढलं. सगळे भाग एकमेकांपासून सुटे, हवेत तरंगणारे, आणि कोण कुणाला कुठं जोडला जातो ते तुटक रेषांनी. मोठ्या यंत्राच्या ड्रॉइंगात शेजारी एक माणूस काढतात, आकार कळावा म्हणून. डोक्यावर टोपी, हात खाली, तोंड नसलेला माणूस. मी पेन्सिल घेऊन पाळण्याच्या जाळीत तसं काहीतरी काढायला गेलो. पन्नास सेंटिमीटर, अंदाजे. एक टोक गोल केलं. मग खोडरबरानं पुसलं. मग पुसलेली जागा दिसू लागली, म्हणून तीही घासली, आणि ट्रेसिंग पेपर बरोबर त्या जागी फाटला. आमचे हेड ड्राफ्ट्समन आबाजी मागं येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. चष्मा कपाळावर, चष्म्याची गरज नसल्यासारखे ते बराच वेळ बघत राहिले.

"कुठल्या प्लँटचं?"

"घरचंय, आबाजी."

"डिलिव्हरी कधीची?"

"पुढच्या महिन्यातली."

"मग एवढं ढिलं का धरलंयस? टॉलरन्स कमी कर." आणि त्यांनी खिशातलं पेन काढून कोपऱ्यातल्या 'तपासले' या रकान्यात बारीक सही केली. तीस वर्षांत आबाजींनी फाटलेल्या ड्रॉइंगवर सही केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी तो कागद गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवला, आणि घरी आणल्यावर कुठं ठेवावा हे न कळून तसाच पिशवीत राहू दिला. पंधरा दिवस तो माझ्या पोळ्यांबरोबर ये-जा करत होता.

दुसरं बाळंतपण सासरी, म्हणून आई वस्तीवरून आमच्या क्वार्टरमध्ये येऊन राहिली होती. वडील, म्हणजे तात्या, वस्तीवर गाई बघत होते. आईचं नाव भामाबाई. क्वार्टरच्या दोन खोल्या तिला कधीच पटल्या नाहीत. भिंती हलत नाहीत याचा तिला त्रास व्हायचा. माझं लहानपण गेलं तोवर आमची मेंढरं होती, आणि दसरा झाला की तिकडं खाली कोकणात जायचं, पावसाच्या आत परत यायचं. मी दोन गावांच्या मधे कुठंतरी जन्मलो. नेमकं कुठं यावर आई आणि तात्यांचं एकमत नाही, त्यामुळं शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्याच गावाचं नाव आहे. मला आठवतं ते घोड्याच्या पाठीवरचं. घोड्यावर घोंगडी, भांडी, चार कोंबड्या पाय बांधून, आणि वर मी, मीही बांधूनच. संध्याकाळी तळ पडला की आई मोजायची. आधी मेंढरं, मग कोंबड्या, मग पोरं. मोजणीत मी सापडलो की ती "हाय" म्हणायची, तिला ते आनंदाचं वाटायचं की नुसतं हिशेबाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. झोळी तेवढी पहिल्या झाडाला बांधली जायची, बाकी सगळं नंतर. तिचं ते लुगडं रात्री झोळी, सकाळी गाठोडं, दुपारी सावली, आणि तिच्या अंगावर असलं की लुगडं. आता हे कुंडलिकशेठना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग नवीन काय सांगता साहेब. पण आईच्या वस्तूंना काय व्हायचं ते त्यांचं त्यांना कळायचं. मला मात्र बोल्टची संख्या विचारावी लागत होती. मी पुन्हा बारामतीला गेलो. एकटाच. शेठना सतरा प्रश्न विचारले. किती बोल्ट, कुठल्या मापाचे, रंग चाटला तर, खटका झिजला तर, बदकं निघतात का. किमतीचा प्रश्न नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं, किमतीवर माणसाला घासाघीस तरी करता येते. शेठनी सोळा प्रश्नांची उत्तरं दिली आणि सतराव्याला हातातली पट्टी खाली ठेवली.

"साहेब, आत डबा निवतुया. तुमाला घ्यायचं हाय का न्हाय?"

"पाळणा आधी घरात न्यायचा नसतो आमच्यात."

"मग बाकडं न्या की," शेठ म्हणाले. "मी कुठं म्हनतोय पाळना न्या. हितनंच बाकडं करून देतो. घरात बाकडं न्यायला कुनाच्यात बंदी हाय?"

मी त्या माणसाकडं बघत राहिलो. ट्रेसिंग पेपरवर मी ते पाचही प्रकार काढले होते, तुटक रेषांनी एकमेकांना जोडले होते, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, की ती वस्तू एका वेळी एकच असते. बाकडं असते तेव्हा ती पाळणा नसते. कुणी शपथेवर विचारलं तरी नसते. माझ्या छातीतलं काहीतरी, जे अंथुर्ण्याच्या सायकलप्रवासापासून उतरलेल्या चेनीसारखं लोंबत होतं, ते एका दातात बसल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, बांधा. एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं खालून विचारलं, काय हाय ते. मी म्हणालो, बाकडं. हे माझं पहिलं खोटं, आणि ते खोटंही नव्हतं. टपावर दोर ओढणाऱ्या म्हाताऱ्या हमालानं बदकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ती बदकं खालच्या बाजूला करून बांधलं.

आईनं दारातच त्याला अडवलं. रोहिणी स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली, एक हात पोटावर, आणि तोंड इतकं कोरं ठेवलं होतं की तिला सगळं कळलंय हे कुणालाही कळलं असतं.

"ह्ये काय हाय?"

"बाकडं."

"कुनाला बसायला?"

"तुला. शेंगा फोडायला."

"आन ही बदकं?"

"फॅशन आहे आई."

"व्हय, व्हय," आई म्हणाली. तिनं त्याच्या नळ्यांवरून हात फिरवला, कडीला नख लावलं, वाकून खालचे खटके बघितले. आयुष्यभर पालाची दोरी कुठं सैल आहे ते नुसत्या हातानं ओळखलेली बाई. मग ती त्यावर बसली, एकदा अंग मागं टाकून पाहिलं, आणि म्हणाली, "चांगलं हाय बाकडं." आणि पुढचे दोन आठवडे तिनं त्याला दुसरं काही म्हटलं नाही. शेजारच्या कौसल्याकाकू येऊन त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, पोलादी दिसतंय. मी संध्याकाळी कामावरून आलो की त्यावर बसून बूट काढायचो. घरात एक वस्तू चार पायांवर उभी राहून गप्प होती, आणि तिच्याबरोबर आम्ही तिघंही. रोहिणी दुपारी त्यावर बसायची, ती बसली की बाळ हलायचं असं ती म्हणायची. मी विचारलं, डाव्या बाजूला बसल्यावर हलतं की उजव्या. ती म्हणाली, बोल्टाच्या बाजूला. तिचा विनोद मला वर्षभरानं ऐकू आला, आणि माझ्याकडं त्यावर टाकायला दुसरा विनोद नव्हता, म्हणून मी तिच्या शेजारी बसून तिच्या पायाची बोटं मोजली. दहा होती.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आई कौसल्याकाकूंकडं पापड लाटायला गेली, आणि रोहिणी म्हणाली, "एकदा करून बघूया का? नुस्तं बघूया. परत बाकडं करू." मी दाराला कडी लावली. पाना घेतला. कुंडलिकशेठनी सहज केलं होतं ते मला अर्धा तास लागला, कारण मी मोजून करत होतो. शेवटची कडी अडकवली आणि तो उभा राहिला. इतका छोटा. दुकानात तो मोठा वाटला होता, कारण तिथं बाजूला कपाटं होती, आणि इथं बाजूला आम्ही होतो. मी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. दोघांनीही हात मागं घेतले होते, काचेची वस्तू ठेवून घेतात तसे. मला वाटलं, ती रडेल, आणि मग मी काय करायचं याची मी मनात यादी करू लागलो. ती रडली नाही. ती बघत राहिली, गेल्या वर्षी अभ्र्याच्या घडीकडं बघायची तशी, पण घडी आता तिच्या हातात नव्हती. मग तो हलला. आमच्यापैकी कुणीही हात लावला नव्हता. छताचा पंखा चालू होता, त्याचा वारा जाळीतल्या कापडाला लागत होता, हे मला इंजिनियरिंगच्या दृष्टीनं दिसत होतं. तरी मी झडप घालून दोन्ही हातांनी तो धरला आणि धरूनच उभा राहिलो. "पंखा बंद कर," मी म्हणालो. माझा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. मीही नव्हता. तिनं पंखा बंद केला. मग मी घाईनं ते बाकडं करायला लागलो. बोल्ट उलटा फिरवायला घेतला आणि घामानं पाना निसटला, बोल्ट तिरका गेला, आटे गेले. आता तो पुढंही जाईना आणि मागंही येईना. ड्रॉइंगात आटे कधी जात नाहीत. मी पाना मारत होतो, रोहिणी म्हणत होती, राहू द्या वो, राहू द्या, आणि दारावर आईची थाप पडली.

कडी रोहिणीनं काढली. आईच्या हाताला उडदाचं पीठ लागलेलं होतं. तिनं पाळण्याकडं बघितलं, माझ्याकडं, पान्याकडं. मी बोलायला तोंड उघडलं. आई आता हसेल की ओरडेल, याचा मला अंदाज येईना.

"मला पैल्या दिवशीच म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "बाकड्याला कुनी कड्या लावतं व्हय?"

"आत्या, मीच म्हनले त्यास्नी," रोहिणी म्हणाली.

आई स्वैपाकघरात गेली. नळ वाजला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता, धुतलेला, पाणी निथळणारा. तिनं तो पदरानं पुसला, खांद्यावर टाकून आणलेल्या टॉवेलात गुंडाळला, एक टोक दुमडून डोक्यावरून घेतलं, आणि पाळण्यात निजवला. बारशाला मूल घालण्याआधी घालतात तसा. पण बारशाला बायका हसतात, गाणी म्हणतात. कापड नीट करत आईनं पाठमोरीच सांगायला सुरुवात केली.

"तुज्या आदी एक व्हता. चालत व्हतो आमी, घाटाच्या खाली. सा दिसांचा. तात्यांनी तितंच एका झाडाखाली... मेंढरं थांबत न्हाईत. निगायला लागतंय. निगताना मला झोळी सोडवंना. पाठीला रिकामी झोळी घिऊन मी चालू कशी? मंग मी वरवंटा बांधला तिच्यात. दोन मुक्काम नेला तसाच. समद्यांनी बगितलं, कुनी काय बोललं न्हाय. तिसऱ्या दिशी तात्या म्हनले, चटणी वाटायची हाय. मंग काडला."

मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मोजणीत मी पहिला होतो असं समजत आलो होतो. रोहिणी पाळण्याच्या त्या बाजूनं आली आणि आईच्या पाठीवर हात ठेवला, आई वळली, आणि त्या दोघी एकमेकींकडं अशा बघत राहिल्या की एक बाई दुसरीला रस्ता विचारतेय आणि दुसरी त्याच रस्त्यानं आलेली आहे. मी पाना धरून उभा होतो. तो कुठं ठेवावा हे मला कळेना. शेवटी मी तो स्वतःच्या खिशात ठेवला.

"न्हाय आता रिकामा," आई म्हणाली, आणि डोळे पुसून पापडांना गेली.

आटे गेल्यामुळं तो परत बाकडं झाला नाही. थोडक्यात, पाच वस्तूंपैकी आम्हाला दोनच मिळाल्या. पण घरात आता एक दगड राहत होता. रोज सकाळी आई त्याला उठवायची, टॉवेल सोडायची, त्यानं लसणाची चटणी वाटायची, त्याला धुवायची आणि परत निजवायची. पहिल्या दिवशी मला हसू आलं. चौथ्या दिवशी जेवताना रोहिणी म्हणाली, "आत्या, जरा हळू टेकवत जावा, दानकन टेकवता," आणि आई म्हणाली, "बरं बाई," आणि कुणी हसलं नाही. सहाव्या दिवशी मी कामावर निघताना टॉवेल सरकलेला दिसला म्हणून सारखा केला. कौसल्याकाकू आल्या की नकळत आवाज बारीक करून बोलायच्या. मला भीती वाटत होती, ती तशीच होती. सकाळी दाढी करताना ती आरशात माझ्या मागं उभी असायची. पण आता तिला बसायला घरात जागा होती. रोहिणीनं एकदा मला पुन्हा विचारलं, तोच प्रश्न, दुपारी, नखं कापता कापता. या वेळी मी विनोद केला नाही. मी म्हणालो, "मग आपण दोघं मिळून आवरू. सगळं आवरू. मी असेन." तिनं नेलकटर माझ्या हातात दिलं आणि डाव्या पायाची उरलेली तीन नखं मला कापायला लावली, कारण तिचा हात तिथवर पोचत नव्हता.

शनिवारी सकाळी साडेदहाला आबाजींनी माझ्या टेबलावरची पट्टी काढून घेतली आणि म्हणाले, "घरचा फोन हाय. रेघ अर्धी ऱ्हाऊ दे." मी कॉलनीच्या रस्त्यानं पळालो. कौसल्याकाकूंच्या मालकांनी जीप क्वार्टरच्या दाराशी लावली होती. मागच्या सीटवर रोहिणी आईला टेकून बसली होती, दोन्ही हातांनी पुढच्या सीटची नळी आवळून, आणि तिच्या कपाळावरची शीर मला लांबूनच दिसली. मी आत पाय ठेवणार तेवढ्यात आईनं हातानं थांबवलं.

"आदी घरात जा. त्याला काड पाळन्यातनं."

"कुणाला?"

"वरवंट्याला."

"आई, मग पाळणा रिकामा राहील."

"व्हय मंग," आई म्हणाली. "येनाऱ्याला जागा नगं? जा."

रोहिणीला कळ येऊन गेली होती. तिनं श्वास सोडला आणि डोळे न उघडता म्हणाली, "हळू काडा."

मी आत गेलो. खिडकीतलं ऊन पाळण्यात पडलं होतं आणि टॉवेल गरम झाला होता. डोकं कुठल्या बाजूला ते आईनं ठरवलेलं होतं, मला माहीत होतं. एक हात त्याच्याखाली घातला, दुसरा मधे. जड होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा जड. मी तो उचलून स्वैपाकघरात नेला, टॉवेल सोडला, पाट्यावर ठेवला. तो जरा लोळला, म्हणून तो स्थिर होईपर्यंत तळहात लावून थांबलो. बाहेर हॉर्न वाजला. परत येताना बघितलं तर पाळणा हलत होता. उचलताना माझाच धक्का लागला असणार. पंखा बंद होता. मी हात पुढं केला, आणि मागं घेतला. जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. मी दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, आणि आत तो तसाच हलत राहिला.